वेल्लोरचा कोट : खंदक, देवालय आणि स्मृती



किल्ला म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर सह्याद्रीचे कडे उभे राहतात. तमिळनाडूतील वेल्लोरचा कोट मात्र सपाट भूमीवर उभा आहे. त्याचे बळ खंदकात. सोळाव्या शतकात विजयनगरच्या नायकांनी दुहेरी तटाचा हा कोट बांधला आणि भोवती पाण्याने भरलेला रुंद खंदक राखला. या खंदकातील सुसरींचे वर्णन सभासदाच्या बखरीतही आढळते.

१६७७ साली दक्षिण दिग्विजयात जिंजी घेतल्यानंतर छत्रपती शिवाजी महाराजांनी वेल्लोरला वेढा घातला. कोट सहजी पडणारा नव्हता. लगतच्या टेकड्यांवर साजरा आणि गोजरा हे दुर्ग उभारून, वेढ्याची धुरा नरहरी रुद्र यांच्यावर सोपवून महाराज परतले. सुमारे चौदा महिन्यांच्या चिकाटीनंतर १६७८ मध्ये आदिलशाही किल्लेदाराने कोट खाली केला.

याच कोटात १० जुलै १८०६ रोजी हिंदी शिपायांनी इंग्रजांविरुद्ध शस्त्र उपसले. कपाळीचे गंध पुसण्याची सक्ती आणि नवी टोपी हे तात्कालिक कारण. हिंदू आणि मुसलमान शिपाई एकत्र उठले. उठाव त्याच दिवशी निर्दयपणे चिरडला गेला. परंतु १८५७ च्या एक्कावन्न वर्षे आधीची ही ठिणगी आपल्या मुलांना कितपत ठाऊक आहे?

कोटाच्या पोटात जलकंठेश्वराचे देवालय आहे. तेथील कल्याण मंडपाचे कोरीव स्तंभ पाहताना शिल्पकारांपुढे मस्तक नमते. मात्र आक्रमणांच्या काळात हे देवालय पूजेविना राहिले. पुढे पुरातत्त्व खात्याने वास्तू जपली, पण गाभारा रिकामाच होता. अखेर १६ मार्च १९८१ रोजी भाविकांनी सातुवाच्चारी येथे सांभाळलेले शिवलिंग आणून तेथे स्थापन केले. आज तेथे नित्य पूजा होते.

जतन म्हणजे काय, याचे उत्तर येथे मिळते. तट पडू नये, शिल्प झिजू नये, याची काळजी खात्याने घ्यावी. ती आवश्यकच आहे. परंतु दिवा लावण्याचे काम समाजाचे. तसेच पाण्याचेही. गाळ आणि कचरा यांनी खंदक भरू दिला, तर कोटाचा प्राणच जाईल. पूजेचे निर्माल्य त्या पाण्यात टाकणारा भाविकही या अपराधातून सुटत नाही.

तिरुपतीला जाणाऱ्या मराठी कुटुंबांनी वाट थोडी वाकडी करून हा कोट अवश्य पाहावा. स्वराज्याच्या सीमा सह्याद्रीपाशी संपत नव्हत्या, हे मुलांना तेथे नेऊन दाखवावे.