आप्तेष्टांसाठी एक वाट
(विश्वस्त मंडळाच्या वतीने वार्षिक सभेत केलेले निवेदन)



वार्षिक सभेत खाटा, शस्त्रक्रिया आणि जमाखर्च यांचा हिशेब मांडला जातो, आणि ते उचितच आहे. मात्र रुग्णालयात एक वर्ग असा असतो की ज्याची नोंद कोणत्याच केसपेपरवर होत नाही. शस्त्रक्रियागृहाबाहेर बसलेली आई, रुग्णास बांबोळीस हलवावे की येथेच ठेवावे या विवंचनेत पडलेला मुलगा, होडी किनाऱ्याला लावून तसाच धावत आलेला भाऊ. यांना बसावयास बाक देण्यापलीकडे आम्ही काही करू शकलेलो नाही. त्यांच्यासाठी आवारातील मोकळ्या जागेत, बागेच्या मधोमध, शांतपणे चालण्याची एक फेरवाट उभारावी, असा प्रस्ताव आम्ही आपणांपुढे ठेवीत आहोत.

फेरवाट म्हणजे भुलभुलैया नव्हे. भुलभुलैयात फाटे असतात, चुकण्याची सोय असते. फेरवाटेस फाटाच नसतो. एकच वाट वळणे घेत मध्यापर्यंत नेते आणि तीच परत बाहेर आणते. दिवसभर निर्णय घेऊन थकलेल्या माणसास तेथे कोणताही निर्णय घ्यावा लागत नाही. पाऊल उचलावे आणि टेकवावे, एवढेच. बौद्ध परंपरेत अशा सावध चालण्यास चंक्रमण म्हणतात. आपल्याकडे या आकृतीस चक्रव्यूह म्हणण्याची रीत आहे. परंतु अभिमन्यूची आठवण करून देणारे नाव रुग्णालयात नको, आणि सर्व धर्मांच्या रुग्णांना आपली वाटावी म्हणून प्रदक्षिणा हेही नाव नको, असे आम्हांस वाटते.

ही कल्पना परकी आहे, असे कोणी समजू नये. फ्रान्समधील शार्त्र येथील चर्चच्या फरशीवर तेराव्या शतकातील फेरवाट आहे हे खरे. पण शेजारच्या गोव्यात, कुशावती नदीच्या काठी पणसायमळ येथील कातळावर सात फेऱ्यांची अशीच आकृती कोरलेली आहे. आपल्या मालवण तालुक्यातील कुडोपीची कातळशिल्पे आणि पणसायमळ ही दोन्ही स्थळे २०२२ साली युनेस्कोच्या संभाव्य वारसा यादीत एकत्र समाविष्ट झाली. सोलापूरजवळच्या बोरामणी माळरानावरील पंधरा फेऱ्यांची दगडी रचना डिसेंबर २०२५ मध्ये प्रकाशात आली.

याचा उपयोग काय, असा प्रश्न देणगीदारांनी विचारणे रास्त आहे. रॉजर उलरिक यांनी १९८४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतर खिडकीतून झाडे दिसणारे रुग्ण भिंत दिसणाऱ्या रुग्णांपेक्षा लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामके कमी लागली, असे आढळले. तो अभ्यास अवघ्या ४६ रुग्णांचा होता आणि फेरवाटेचा नव्हता. म्हणून फेरवाटेने व्याधी बरी होते, असे आम्ही म्हणणार नाही. वाट पाहणाऱ्या माणसास थोडी स्वस्थता मिळावी, एवढाच आमचा हेतू आहे.

रचना साधी आहे. मध्ये एक फुली, तिच्या चार कोनांत चार काटकोन आणि चार ठिपके. हे एकमेकांस कमानींनी जोडीत गेले की सात फेऱ्या पूर्ण होतात. ठिपक्यांची रांगोळी काढणाऱ्या कोणाही भगिनीस हे सहज जमेल. वाट ३ फूट रुंद धरल्यास सुमारे ५० फूट व्यासाची जागा लागते आणि मध्यापर्यंतचे चालणे साधारण ५५० फुटांचे होते. प्रथम दोरी आणि रांगोळीने आखणी करावी, महिनाभर लोकांनी त्यावर चालून पाहावे, आणि मगच दगड बसवावा, असा आमचा विचार आहे.

दगड आपल्याच मातीतला, जांभ्याचा चिरा. तो जमिनीच्या पातळीतच बसवावा, म्हणजे काठी टेकणाऱ्यास ठेच लागणार नाही आणि चाकाची खुर्चीही अडणार नाही. कडेला बकुळ, सोनचाफा, अबोली, तुळस असावी. काटेरी झाड नसावे, आणि नारळ पडण्याचे भय असल्याने माड वाटेपासून दूरच असावा. मधुमेहाने तळपायांची संवेदना मंदावलेल्या रुग्णांनी अनवाणी चालू नये, अशी पाटी लावावी लागेल. पावसाळ्यात चिऱ्यावर शेवाळ धरते. म्हणून त्या महिन्यांत वाट वरचेवर घासणे, आणि तेवढे न जमल्यास ती बंद ठेवणे, हेच योग्य.

या कामासाठी औषधोपचार निधीतील एक रुपयाही वापरू नये, अशी आमची स्पष्ट भूमिका आहे. एका बाजूस गरीब रुग्णाचे औषध आणि दुसऱ्या बाजूस बाग असा प्रसंग आल्यास बागेने थांबावे. म्हणूनच आम्ही आपणांकडे प्रथम पैसा मागत नाही. चिरे, रोपे आणि श्रमदान मागतो; आणि त्याहून अधिक म्हणजे, दरवर्षी पावसानंतर वाट स्वच्छ करण्यासाठी येणारे हात मागतो. उभारणी एकदाच होते, निगा मात्र कायमची असते. ती निगा गावाने पत्करली, तरच ही वाट गावाची होईल. तसा विश्वास सभेने दिल्यास आम्ही आखणीची दोरी हाती घेऊ.