दीर्घिकांमधली जागा रिकामी नाही



दोन दीर्घिकांमधली जागा रिकामी नसते.
तिथे हायड्रोजन असतो, अतिशय विरळ.
डोळ्यांना तो दिसत नाही.
मग कळतो कसा?

अकोल्याहून अमरावतीला एसटी निघाली.
मूर्तिजापूरला काही जण उतरले, बडनेऱ्याला काही.
शेवटी गाडीत कोण नाही, यावरून वाटेतले थांबे कळतात.

प्रकाशाचंही तसंच.
अतिदूरच्या क्वेसारचा, म्हणजे अतितेजस्वी दीर्घिका-केंद्राचा, प्रकाश अब्जावधी वर्षं चालत येतो.
वाटेतला हायड्रोजनचा प्रत्येक ढग त्यातला थोडा प्रकाश शोषतो.
त्या प्रकाशाच्या वर्णपटात तिथे काळी रेघ उमटते.
विश्व प्रसरण पावतं, म्हणून प्रत्येक ढगाची रेघ वेगळ्या जागी.
रेघेची जागा ढगाचं अंतर सांगते.

पुन्हा सांगतो, जागा रिकामी नाही.
दाट हायड्रोजन बहुधा दीर्घिकांजवळ असतो.
त्याच वायूतून नवे तारे घडतात.
म्हणून अंधुक, न दिसणाऱ्या दीर्घिकांचाही सुगावा या रेघांतून लागतो.
मला ही गोष्ट फार मोलाची वाटते.

पुण्याच्या आयुका संस्थेत रघुनाथन श्रीआनंद यांनी अशा रेघांचा अभ्यास केला.
नारायणगावजवळच्या खोडदची जीएमआरटी दुर्बीण हायड्रोजनचा रेडिओ माग काढते.

28 फेब्रुवारीला, विज्ञान दिनी, खोडदला प्रदर्शन भरतं.
वऱ्हाडातल्या शिक्षकांनो, मुलांना एकदा तिथे घेऊन जाच.