आधी टेस्ट, मग चहा: नऊ हजारांत जुनं ग्राफिक्स कार्ड

(ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोपं पडतं त्यांच्यासाठी या भागाचं लिखित रूप. बोलताना अडखळलो तेवढं काढलंय, बाकी तसंच ठेवलंय.)

आजचा विषय तुम्हीच दिलाय. गेले दोन महिने इनबॉक्समध्ये एकच मेसेज फिरतोय. "दादा, बजेट एवढं एवढं आहे, सेकंडहँड कार्ड कुठलं घेऊ?" आणि खाली चार जाहिरातींचे स्क्रीनशॉट. कुठलं घेऊ हे सगळे विचारतात. घ्यायला गेल्यावर तिथे उभं राहून काय करू, हे अजून एकानेही विचारलेलं नाही. मीही विचारलं नव्हतं, आणि त्याचे मला साडेपाच हजार पडले.

ते आधी सांगतो, म्हणजे मी मोठा तज्ज्ञ वगैरे आहे असा गैरसमज नको.

२०२१ साल. तेव्हा कार्डांचा दुष्काळ होता, आठवत असेल. चिप मिळत नव्हत्या, मिळत होत्या त्या मायनिंगवाले उचलत होते, आणि जुन्यापान्या कार्डालाही सोन्याचा भाव. माझ्याकडे दोन मुलांच्या शिकवणीचे साठवलेले पैसे होते. ॲपवर जाहिरात दिसली, जीटीएक्स १०५० टीआय, ४ जीबी, साडेपाच हजार. पुण्याच्या बाहेर एका सोसायटीत घर होतं. गेलो. घर चांगलं, माणूस चांगला बोलणारा. त्याच्या आईने चहा दिला, वर पोहे खाऊनच जा म्हणाल्या. कार्ड टीपॉयवर ठेवलेलं, पुसून चकचकीत. "कालपर्यंत माझ्याच पीसीला होतं," तो म्हणाला. आता पोह्याची बशी हातात असताना "लावून दाखव" कसं म्हणायचं? म्हणजे त्याला खोटारडं म्हटल्यासारखंच की. मी पैसे दिले आणि निघालो.

कार्डाला व्हीजीए पोर्ट होता. मी तर खूश झालो, कारण माझा मॉनिटर व्हीजीएचा. त्याने वर एक पॉवरची वायर फुकट दिली, तेव्हा वाटलं काय दिलदार माणूस आहे. या दोन्ही गोष्टी तिथेच ओरडून सांगत होत्या. खऱ्या १०५० टीआयला व्हीजीए पोर्ट नसतोच. एनव्हिडियाने त्या पिढीपासून तो जुना ॲनालॉग सिग्नल काढूनच टाकला. आणि बहुतेक १०५० टीआय ७५ वॅटमध्ये, मदरबोर्डच्या स्लॉटमधूनच वीज घेऊन चालतात, त्यांना वेगळी वायर लागत नाही. घरी येऊन जीपीयू-झेड नावाचं छोटं सॉफ्टवेअर टाकलं. फुकट मिळतं. त्यात कार्डाच्या नावाआधी कंसात 'फेक' असं लिहून आलं. १०५० टीआयमध्ये ७६८ कोअर असतात, माझ्यात निघाले १९२. दहाएक वर्षं जुन्या चिपवर खोटं बायॉस चढवून नव्याचं नाव दिलेलं. फोन केला, बंद. परत केला, बंद. पप्पांना मी सांगितलं की कार्ड जळलं. ते खोटं पुढची दोन वर्षं तसंच चालवलं.

असो. आता यंदाची गोष्ट.

माझ्या धाकट्या बहिणीची बारावी झाली. तिला ॲनिमेशनला जायचंय आणि प्रवेशासाठी स्वतःचं काम दाखवावं लागतं. ती ब्लेंडर शिकतेय. घरातला पीसी म्हणजे चौथ्या पिढीचा आय-फाइव्ह, कार्डच नाही. एक फ्रेम रेंडर व्हायला अकरा मिनिटं. पाच सेकंदांचा सीन म्हणजे सव्वाशे फ्रेम, करा हिशोब. पप्पांनी ओव्हरटाइमचे नऊ हजार काढून दिले आणि म्हणाले, "एवढेच आहेत, नीट बघून घे." नीट बघून घे हे ते मला म्हणाले. तिला नाही. २०२१ चं त्यांना बहुतेक कळलेलं होतं.

तर पहिला धडा: यूट्यूबवरचे एफपीएसचे तक्ते बंद करा आणि कार्ड कशासाठी हवंय ते कागदावर लिहा. आम्ही गेमिंगचे तक्ते बघत बसलो असतो तर सरळ आरएक्स ५८० घेऊन आलो असतो. ८ जीबी मेमरी, बाजारात भरपूर, पाच-साडेपाचात मिळतंय. गेमसाठी अजूनही वाईट नाही. पण ब्लेंडरचं सायकल्स इंजिन त्यावर चालत नाही. डिसेंबर २०२१ मध्ये ब्लेंडर ३.० आलं तेव्हा ओपनसीएल काढलं, आणि त्याऐवजी एएमडीसाठी जे नवीन आणलं ते इतक्या जुन्या कार्डांना घेत नाही. म्हणजे ८ जीबीचं कार्ड बसवून बहिणीचं रेंडर पुन्हा प्रोसेसरवरच, तीच अकरा मिनिटं. नुसतं जीबी बघून घेणाऱ्यांची फसगत होते ती अशी.

मग एनव्हिडिया. तिथे १०६०, १०७० स्वस्त दिसतात. पण त्या पिढीला नव्या गेमचे ड्रायव्हर देणं कंपनीने २०२५ च्या शेवटी थांबवलं. सुरक्षेची अपडेट ऑक्टोबर २०२८ पर्यंत आहेत. म्हणून फुकटात मिळालं तर घ्या, पण आज पैसे मोजून मी घेणार नाही. उरले १६५० आणि १६६० सुपर. १६५० ला बऱ्याच मॉडेलमध्ये वायर लागत नाही, ऑफिसमधून निघालेल्या छोट्या डब्यातही बसतं, पण मेमरी ४ जीबी. सीन जरा मोठा झाला की ती संपते. १६६० सुपरला ६ जीबी. ठरलं.

ठरलं म्हणजे काय, इथे खरी गंमत सुरू होते. १६६० सुपर १२५ वॅट खातं आणि त्याला आठ पिनची वायर लागते. आमच्या कॅबिनेटमधला एसएमपीएस बाहेर काढला. वर लिहिलंय ४५० वॅट, उचलला तर काडेपेटीसारखा हलका. आठ पिन सोडा, सहा पिनही नाही. लोक काय करतात, मॉलेक्सचं कन्व्हर्टर लावतात आणि देवाचं नाव घेतात. करू नका. असला एसएमपीएस जाताना एकटा जात नाही, सोबत कार्ड आणि बोर्ड घेऊन जातो. चांगल्या कंपनीचा नवीन ४५० वॅटचा घेतला, २३०० रुपये. ही एक गोष्ट मी सेकंडहँड घेत नाही. मॉनिटर अजून व्हीजीएच, त्यामुळे एचडीएमआय टू व्हीजीए ॲडाप्टर, ३५० रुपये. म्हणजे नऊ हजारांचं बजेट कार्डापुरतं उरलं ६३५०. कार्डाचं बजेट कधीच कार्डाचं नसतं, ते अख्ख्या डब्याचं असतं. हो, आणि कॅबिनेटमध्ये टेपने लांबी मोजून घ्या. तीन पंख्यांचं कार्ड आणून हार्ड डिस्कच्या कप्प्याला अडकलेले लोक माझ्या ओळखीत आहेत.

मायनिंगबद्दल सगळे विचारतात म्हणून सांगतो. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियमने मायनिंगची पद्धतच सोडली आणि ढिगाने कार्डं बाजारात आली. १६६० सुपर मायनिंगवाल्यांचं लाडकं होतं, तेव्हा तुमच्या हातात येणारं तसलं असू शकतं. ते लगेच मेलेलंच असतं असं नाही. पण पंखे थकलेले असतात आणि मेमरी दिवसरात्र तापलेली असते. विकणारा "फक्त गेमिंग" म्हणणारच. त्याच्या शब्दापेक्षा कार्डाला विचारा.

आधी तपकीर गल्लीत चक्कर मारली. दुकानात ८५०० सांगितले, एक महिना चेकिंग वॉरंटी. ज्याच्या खिशात तेवढे आहेत त्याने खुशाल दुकानातून घ्यावं, मुंबईत असाल तर लॅमिंग्टन रोडला. परत जाऊन भांडायला एक पत्ता तरी असतो. आमच्या खिशात नव्हते.

मग पुन्हा ॲप. एकजण "मी आर्मीत आहे, बदली झालीय, कुरियरने पाठवतो, आधी दोन हजार टाका" म्हणाला, ओळखपत्राचा फोटोपण पाठवला. हा प्रकार इतका जुना झालाय तरी रोज कोणीतरी अडकतंच. समोर कार्ड चालू दिसल्याशिवाय एक रुपया यूपीआय करायचा नाही.

पिंपरीतल्या एकाशी बोलणं झालं, ६३०० ला तयार. या वेळी मी फोनवरच म्हटलं, "दादा, मी अर्धा तास लावून बघणार, पीसी चालू ठेवाल ना?" हे वाक्य पाठ करा. घरी जाऊन, बूट काढून, बसल्यावर ते तोंडातून निघत नाही. फोनवर निघतं. आणि ज्याला ते चालत नाही तो तिथेच गळतो, तुमचं पेट्रोल वाचतं.

गेलो. बहीण सोबत. पेनड्राइव्हमध्ये जीपीयू-झेड आणि फरमार्क. आधी बंद कार्ड हातात घेतलं, पंखे बोटाने फिरवले, चिपच्या आजूबाजूला टॉर्च मारला. तिथे तपकिरी चिकट डाग असले तर कोणीतरी हीटगनने शेकून जिवंत केलंय समजायचं. तसं काही नव्हतं. लावलं. जीपीयू-झेडमध्ये १४०८ कोअर, १९२ बिट, जीडीडीआर-६. हे शेवटचं बघाच, कारण साध्या १६६० लाही १४०८ च कोअर असतात, फक्त मेमरी जीडीडीआर-५ असते आणि लोक ते सुपर म्हणून खपवतात. सगळं बरोबर. फरमार्क सुरू केलं. तापमान ७४ वर येऊन थांबलं. वहिनींनी चहा आणला. पाच मिनिटं झाली, आठ झाली. त्या दादांच्या लहान मुलीला माझी बहीण तिचं काम मोबाइलवर दाखवत बसली. वातावरण असं झालं की मला वाटलं, बास, द्यावेत पैसे.

बाराव्या मिनिटाला स्क्रीनवर हिरवे ठिपके आले. आधी दोन-तीन, मग तांदूळ सांडावेत तसे. ते दादा खुर्चीतून उठले. "हे काय आहे?" मी म्हटलं, मेमरी जातेय. ते म्हणाले, "गेम खेळताना कधी नाही आले." मग थोडं थांबून, "मी तासभर खेळतच नाही म्हणा." खोटं बोलत होते असं मला आजही वाटत नाही. मी सॉरी म्हणालो, खरंतर का म्हणालो ते माहीत नाही, आणि आम्ही निघालो. जिन्यात बहीण म्हणाली, "दादा, चहा पिऊन नाही म्हणालास तू." ती हसत होती. माझे पाय थरथरत होते.

दुसरं कार्ड आठ दिवसांनी मिळालं, हॉस्टेल सोडणाऱ्या एका इंजिनीअरिंगच्या मुलाकडे. पहिल्या बिलाचा फोटो होता, सीरियल नंबर जुळला. अर्धा तास फरमार्क, ठिपका नाही. एक पंखा किरकिर करत होता, त्याचे ३०० कमी करून ६४०० ला दिलं. बजेटच्या वर पन्नास रुपये गेले, ते मी घातले. आता फ्रेम पाऊण मिनिटात होते. पंखा अजून किरकिरतो, बहिणीने त्याला नाव ठेवलंय, ते इथे सांगण्यासारखं नाही.

आणि पिंपरीवाल्या दादांचा त्याच रात्री मेसेज आला होता. वाटलं, आता शिव्या असणार. त्यांनी लिहिलं होतं, "ते सॉफ्टवेअर कुठलं होतं? लिंक पाठव. ज्याच्याकडून मी घेतलं त्याने मला हे दाखवलं नव्हतं." लिंक पाठवली. दुसऱ्या दिवशी ॲपवर त्यांची जाहिरात पुन्हा दिसली. किंमत २००० आणि खाली लिहिलेलं: मेमरी खराब आहे, दुरुस्ती करणाऱ्यांसाठी.