बोंड तुमचे, बोंड आमचे
(मालवण येथे केलेल्या भाषणावरून)



घाटावरून आलेल्या कापूसवाल्यांची इथे पहिली गंमत होते ती 'बोंड' या शब्दाने. तुमचे बोंड फुटते आणि कापूस निघतो. इथले बोंड काजूचे, बी त्याच्या बुडाला लटकते. पण दोन्हीकडे शेतकऱ्याच्या हिशेबात न येणारी एक वस्तू आहे.

काजूची बी फोडली की गर निघतो साधारण चौथा हिस्सा. बाकी बहुतेक टरफल. त्या टरफलात झोंबरे तेल असते. बी फोडणाऱ्या बायांची बोटे त्याने भाजतात, म्हणून त्या हाताला राख चोळून बसतात. खाऱ्या पाण्यात लाकूड टिकावे म्हणून किनाऱ्यावरचे लोक हेच तेल होडीला फासत आले. हे तेल तापवले की त्यातल्या आम्लातून कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि कार्डेनॉल उरते. त्याची फॉर्माल्डिहाइडशी गाठ घातली की रेणूला रेणू जोडून जाळे विणले जाते, पातळ तेलाची कडक राळ होते. तिची भुकटी गाड्यांच्या ब्रेक लायनिंगमध्ये जाते.

कापसात साखळी झाडानेच विणून ठेवलेली असते. तिचे नाव सेल्युलोज. जिनिंगनंतर सरकीला जी आखूड लव चिकटून राहते, ती लिंटर. शुद्ध केली की ती जवळजवळ निव्वळ सेल्युलोज. नायट्रिक आम्लाने तिची बंदुकीची दारू होते, लाकडाचे पॉलिश होते, सिनेमाची फीत होते. दादासाहेब फाळक्यांचा १९१३ सालचा 'राजा हरिश्चंद्र' अशाच सेल्युलोजच्या फितीवर होता. अ‍ॅसिटेट केले तर चष्म्याच्या फ्रेमा.

आणि आपल्याकडे? बहुतेक तेलगिरण्या लव न काढताच सरकी गाळतात. लव पेंडीत जाते, बैल खातो. बैलाचे पोट भरते, त्याबद्दल तक्रार नाही. पण माटुंग्याला कापूस तंत्रज्ञानाची केंद्रीय प्रयोगशाळा १९२४ पासून आहे. ज्ञान तोकडे नाही, ते तुमच्या सौद्यापर्यंत पोचत नाही इतकेच.

लगेच कारखाना काढायला निघू नका. नायट्रिक आम्ल आणि फॉर्माल्डिहाइड ही ओसरीवर करायची कामे नव्हेत. लव उतरवणे, टरफलाचे तेल काढणे हे मात्र यंत्रकाम आहे, ते एकत्र येऊन जमण्यासारखे आहे. त्याआधी हिशेब हवा. कापूस क्विंटलवर जातो, काजू किलोवर. घेणारा सरकी आणि टरफल मनात धरूनच भाव बोलतो. तेव्हा प्रत्येक तालुक्यातून दोघांनी तेलगिरणीत जाऊन सरकी, पेंड आणि लिंटर यांचे भाव लिहून आणावेत. टरफलाचा भाव इथली मंडळी आणतील. पुढच्या बैठकीत दोन्ही कागद शेजारी ठेवून बसू.