दंडाचा हिशेब

(परभणी जिल्ह्यातील शेतकरी व कारागीर मंडळींपुढे केलेले भाषण)



दंड भरण्यास पैसा नसला म्हणजे तुरुंगात जाऊन बसावे, दंड आपोआप फिटतो, अशी आपल्याकडे समजूत आहे. बैलजोडी विकण्यापेक्षा आपणच आत गेलेले बरे, असे कित्येक कर्ते पुरुष म्हणतात. ही समजूत अर्धीच खरी आहे, आणि उरलेली अर्धी घर बुडविणारी आहे.

दंड न दिल्यास जी कैद सांगतात, ती दंडाचा मोबदला नव्हे. ती न भरल्याबद्दलची आहे. ती सगळी भोगल्यावरही वसुली होऊ शकते. मात्र न्यायालयास खास कारणे लेखी नोंदवावी लागतात. वसुलीचे वॉरंट कलेक्टराकडे गेले की ते शेतसाऱ्याच्या बाकीप्रमाणे जमिनीवर येते. मनुष्य मेला तरी त्याची मिळकत सुटत नाही.

आता कामाची गोष्ट ऐका. २०२३ च्या भारतीय न्याय संहितेच्या ८ व्या कलमात हिशेब दिला आहे. समजा, दंड ८,००० रुपये, न दिल्यास चार महिने कैद. एक महिना भोगला असेल तर ६,००० भरताच सुटका. तीन महिने भोगले असतील तर २,००० पुरेत. ही सूट कैदेपुरती, पण केवढी! हे सांगतो कोण? घरची बाई मात्र पुरे ८,००० मिळावेत म्हणून सावकाराच्या ओट्यावर बसून असते. पूर्वी पोथीचा अर्थ लपवून आम्हांस नाडले, आता कलमांचा लपवितात.

खटला चालू असता आत काढलेले दिवस मूळ शिक्षेतून वजा होतात, या कैदेतून होत नाहीत, हेही ध्यानात असू द्या. शिक्षा नुसती दंडाची असेल तर न्यायालय दोन-तीन हप्ते देऊ शकते. पहिला ३० दिवसांच्या आत. पण ते मागावे लागतात, न मागणाऱ्यास कोण देतो?

गरीब कैद्यांसाठी केंद्र सरकारने २०२३ साली योजना काढली. दंडापायी अडकलेल्याचे २५,००० रुपयांपर्यंत जिल्ह्याची समिती भरू शकते असे तीत ठरले. काही भारी गुन्हे वगळले आहेत. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवास भेटा. कैदेतल्या माणसास वकीलही तेथून फुकट मिळतो. जाताना निकालाची नक्कल न्या. कैदेची शिक्षा झालेल्यास ती विनामूल्य द्यावयाची असते. तिच्यासाठी कोणी पैसे मागितले तर देऊ नका.