अंगठा, सातबारा आणि सहा आकडे
(जिल्हा बैठकीतील भाषणावरून)



कापसाच्या भावाच्या बैठकीत मोबाईलचे काय काढले, असे कोणी म्हणेल. आम्हीही तसेच म्हणत होतो. पण २०२५ च्या हंगामात नियम आला, की सीसीआयला कापूस घालायचा तर आधी 'कपास किसान' ॲपवर नोंदणी करा. त्या हंगामाचा लांब धाग्याचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये. वीस क्विंटलचा चुकारा झाला १,६२,२०० रुपये. हा चुकारा कोणी हातावर मोजून देत नाही, तो आधारला जोडलेल्या खात्यात जातो. म्हणजे वर्षभराच्या घामाचा पैसा एका मोबाईल नंबराच्या भरवशावर उभा आहे. आणि तो नंबर कोणाचा, असे विचारले की निम्मी बैठक एकमेकांच्या तोंडाकडे पाहते.

नवे खाते उघडताना यंत्र काय करते, ते आधी समजून घेऊ. तलाठी तुम्हाला तोंडाने ओळखतो, तुमच्या बापालाही ओळखत होता. यंत्राची कोणाशी ओळख नाही. ते एवढेच तपासते, की जो नंबर लिहून दिला तो फोन समोरच्याच्या हातात आहे काय. म्हणून त्या नंबरावर ते चार-सहा आकडे धाडते. हे आकडे काही मिनिटेच चालतात आणि एकदाच चालतात. ते परत टाकले, की यंत्र मानते, मालक आला आणि मालकाची संमती आहे. आता ते आकडे तुम्ही टाकले, की तुम्हाला फोनवर गोड बोलून विचारून घेऊन भलत्यानेच टाकले, हे यंत्राला कळायला मार्ग नाही. ओटीपी सांगणे म्हणजे कोऱ्या कागदावर अंगठा देणे. आजोबांनी तो नाइलाजाने दिला. शिकलेला नातू हसत हसत देतो.

एका गावात आम्ही पारावर बसून पासबुके आणि फोन जुळवत गेलो. एका कास्तकाराचा बँकेत नोंदलेला नंबर रिचार्जअभावी कधीचाच बंद पडलेला. आम्ही सहज लावून पाहिला, तर पलीकडे एक बाई हिंदीत बोलली. कंपन्या बंद पडलेला नंबर काही काळाने दुसऱ्या गिऱ्हाइकाला देतात, हे त्याला ठाऊकच नव्हते. त्याच्या खात्याचे मेसेज त्या बाईकडे जात होते. बाई भली, म्हणून वाचून सोडून देत होती. दुसऱ्याचा नंबर निघाला सेवा केंद्रातल्या पोराचा. पोरगा लबाड नाही. गर्दीच्या दिवशी दर वेळी ओटीपी विचारायचा ताप नको, म्हणून त्याने स्वतःचाच नंबर टाकला होता. पण किल्ली त्याच्याकडे राहिली ना? उद्या त्या नोंदणीवर कोणा व्यापाऱ्याचा कापूस गेला, तर कागदोपत्री विकणारे तुम्ही.

मायबहिणींचे तर आणखी अवघड. शेतकरी संघटनेने १९९० च्या सुमारास लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम घेतला आणि हजारो घरांत सातबाऱ्यावर बाईचे नाव चढले. आज त्याच जमिनीच्या खात्याचा नंबर नवऱ्याचा किंवा पोराचा असतो. जमीन तिची, पण होकार देणारा दुसराच.

अंगठ्याचेही सांगतो. २०१८ साली तेलंगणात जमीन नोंदणीच्या कागदांवरचे अंगठे उतरवून रबरी ठसे बनवले गेले आणि त्यांवर हजारो सिमकार्डे चालू झाली. पासवर्ड बदलता येतो, अंगठा कसा बदलणार? म्हणून आधारच्या ॲपमध्ये बोटांच्या ठशांना कुलूप लावायची सोय आहे. अंगठ्यावर पैसे काढायचे तेवढ्यापुरते ते उघडता येते. व्हॉट्सॲपवर पीएम किसानच्या नावाने फाईल आली आणि तिच्या नावाच्या शेवटी 'एपीके' असले, तर उघडूच नका. ती तुमचे मेसेज परस्पर दुसऱ्याला वाचायला देऊ शकते.

फसगत झालीच, तर लाजत घरी बसू नका. त्याच क्षणी १९३० ला फोन लावा आणि बँकेत लेखी तक्रार देऊन पोच घ्या. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकाप्रमाणे, चूक ना तुमची ना बँकेची आणि तीन कामकाजी दिवसांत कळवले, तर नुकसान तुमच्यावर नाही. आकडे तुम्हीच सांगितले असतील, तर कळवेपर्यंतचे तुमचे, त्यानंतरचे बँकेचे. म्हणून घटका-घटकेला किंमत आहे.

यात शेतकऱ्याच्या अडाणीपणाला दोष देणारे पुष्कळ भेटतात. आम्हाला ते मान्य नाही. पीएम किसान, पीक पाहणी, फार्मर आयडी, विमा, आता कापूस, इतकी दारे सरकारने केली आणि प्रत्येकाला एकाच फोनची किल्ली लावली. शिवारात मात्र रेंज नाही. प्रत्येक बाजार समितीत नंबर दुरुस्तीला एक माणूस बसवा, तोही फुकट, ही आमची मागणी कापसाच्या भावाच्या मागणीइतकीच पक्की आहे.

बैठक संपल्यावर मंडपाच्या दाराशी दोन टेबले मांडली आहेत. पासबुक, आधार आणि फोन घेऊन बसा, कुठे कोणता नंबर लागला आहे ते पाहून देऊ. बायांचे टेबल वेगळे आहे, तिथे बाईनेच यावे. ओटीपी आला तर आमच्या कार्यकर्त्यांनाही सांगू नका, आपल्या हाताने टाका.