रॅमजेट : वेगावर चालणारे इंजिन

प्रवासी जेट विमानाच्या इंजिनात हवा दाबण्यासाठी कॉम्प्रेसर आणि तो फिरवण्यासाठी टर्बाइन असते; रॅमजेट इंजिनात मात्र या दोहोंपैकी काहीही नसते, कारण हवा दाबण्याचे काम तेथे इंजिनाचा स्वतःचा वेगच करतो. फ्रेंच अभियंता रेने लोरँ यांनी १९१३ मध्ये मांडलेली ही कल्पना आज ब्रह्मोस आणि आकाश या क्षेपणास्त्रांना गती देत आहे.

अशा वेगाचे माप ‘मॅक’ या एककात सांगतात. मॅक १ म्हणजे ध्वनीचा वेग, जो समुद्रसपाटीजवळ सेकंदाला सुमारे ३४० मीटर असतो. वेगाने समोरून येणारी हवा इंजिनाच्या तोंडाशी प्रघात-तरंगांतून, म्हणजे जेथे दाब एकाएकी वाढतो अशा अतिशय पातळ थरांतून जाते, ध्वनीहून मंद होते आणि तिची गतिज ऊर्जा दाब व उष्णता यांत रूपांतरित होते; मग तिच्यात इंधन जळते व तापलेला वायू मागच्या नळीतून, आला त्याहून अधिक वेगाने बाहेर पडून इंजिनाला पुढे ढकलतो. आदर्श गणितानुसार हा दाब मॅक ०.५ ला बाहेरच्या हवेच्या जेमतेम १.२ पट, मॅक २ ला सुमारे ८ पट, तर मॅक ३ ला सुमारे ३७ पट होतो. प्रत्यक्षात प्रघात-तरंगांमुळे त्यात काही घट येते.

म्हणूनच रॅमजेट जागेवरून सुरू होऊ शकत नाही. ब्रह्मोसला आधी घन इंधनाचा बूस्टर ध्वनीच्या पलीकडे नेतो आणि त्यानंतर द्रव इंधनाचे रॅमजेट पेटून वेग मॅक २.८ पर्यंत जातो. या वेगाने अमरावती ते अकोला हे सुमारे ८० किलोमीटरचे सरळ अंतर दीड मिनिटात संपेल. नाशिकजवळ ओझर येथे हिंदुस्तान एरोनॉटिक्सने सुखोई विमानात आवश्यक बदल केले आणि २२ नोव्हेंबर २०१७ रोजी ब्रह्मोस प्रथमच त्या विमानातून डागले गेले. आरंभीचा वेग विमानाकडून मिळत असल्यामुळे या आवृत्तीला लहान बूस्टर पुरतो.

या इंजिनाला वरची मर्यादाही आहे. मॅक ५ च्या सुमारास उंचावरील उणे ५० अंशांची हवा केवळ थोपवली गेल्यानेच १,००० अंश सेल्सिअसच्या वर तापते, त्यामुळे इंधनाच्या ज्वलनातून मिळणारा लाभ घटत जातो. त्यापुढे हवा ध्वनीहून वेगवान ठेवूनच इंधन जाळणारे स्क्रॅमजेट लागते, ज्याची चाचणी इस्रोने २८ ऑगस्ट २०१६ रोजी श्रीहरिकोटा येथून घेतली.

रॅमजेटची रचना साधी असली तरी त्यातील वायूंचे शास्त्र कठीण आहे, आणि ते ज्या पायावर उभे आहे ते उष्मागतिकी व द्रवगतिकी हे विषय अमरावती आणि अकोल्याच्या विद्यार्थ्यांनाही अभ्यासक्रमात उपलब्ध आहेत. वऱ्हाडातील तरुणांनी ते केवळ परीक्षेपुरते न वाचता या क्षेत्रातील संशोधनाकडे वळावे.